सार्वजनिक प्रवासाचा खर्च आणि त्याची जबाबदारी

सकाळीं साडेसहाच्या सुमारास सानपाडा स्थानकाबाहेर पांच मिनिटें उभें राहिलें, म्हणजे आपल्या गांवाचा संसार कशावर चालतो हें सहज समजून येतें. कोणी तुर्भ्याच्या बाजारांत हमालीसाठीं निघालेला असतो, कोणी रबाळ्याकडील कारखान्यांत पहिल्या पाळीवर चाललेला असतो, एखादी परिचारिका मुंबईंतील रुग्णालयाची वेळ गांठण्यासाठीं घाईनें जिना चढत असते. आणि त्याच गर्दींतून पाठीवर दप्तर घेतलेलीं आपल्या शाळेचीं मुलें वाट काढीत येतात. या सर्वांचें पोट, पगार, औषधपाणी व शिक्षण एका गोष्टीवर अवलंबून आहे. ती गोष्ट म्हणजे गाडी वेळेवर येणें. गाडी आली तर तिच्याविषयीं कोणी विचार करीत नाहीं. आली नाहीं तर सर्वजण रागावतात. पण रागावणें निराळें आणि विचार करणें निराळें. यंदाच्या अंकांत विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें या विषयाचा थोडा विचार मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक लहानशी हकीकत सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत खाडीकांठच्या एका गांवाहून येणारी एक मुलगी होती. सकाळच्या एका विशिष्ट बसनें ती येत असे. एका पावसाळ्यांत ती फेरी बंद झाली. पुढची बस पाऊण तासानें असल्यामुळें तिचा पहिला तास रोज बुडूं लागला आणि तो तास नेमका गणिताचा होता. तिच्या वडिलांनीं चौकशी केली. वाहकानें आगाराकडे बोट दाखविलें, आगारांत त्यांना मुख्य कचेरींत जाण्यास सांगितलें, आणि कचेरींतून उत्तर मिळालें कीं, ती फेरी तोट्यांत होती. तोटा किती होता, तो आजवर कोण भरीत होतें आणि फेरी बंद करण्याचें कोणीं ठरविलें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मात्र त्यांना मिळालीं नाहींत. सहामाहींत ती मुलगी गणितांत मागें पडली. पुढें वडील रोजच्या मजुरींतून रिक्षाचे पैसे काढूं लागले. ज्या सेवेचें नांव मी येथें घेत नाहीं तिच्यावर ठपका ठेवण्यासाठीं ही हकीकत सांगितलेली नाहीं. ते तीन प्रश्न मात्र माझ्या मनांतून गेले नाहींत, आणि हा लेख त्यांच्याविषयींच आहे.

आधीं ‘तोटा’ या शब्दाचा अर्थ पाहूं. बसचें तिकीट आपण घेतों त्यांत बस चालविण्याचा सगळा खर्च निघत नाहीं, ही गोष्ट बहुतेक सर्व शहरांत खरी आहे. याचें कारण व्यवस्थेच्या स्वरूपांतच आहे. सकाळीं दोन तास व सायंकाळीं तीन तास प्रवाशांची दाटी होते. त्या वेळेस पुरतील इतक्या गाड्या व इतके चालक-वाहक ठेवावे लागतात, परंतु दुपारीं त्याच गाड्या निम्म्या रिकाम्या धांवतात. सकाळीं स्थानकाकडे भरून आलेली बस परत जातांना बहुधा रिकामी जाते. चालकाला वेतन आठ तासांचें द्यावें लागतें, केवळ गर्दीच्या तासांचें देऊन चालत नाहीं. इतकें असूनही भाडें मजुराच्या व विद्यार्थ्याच्या आवांक्यांत ठेवावें लागतें. तेव्हां खर्च व उत्पन्न यांत अंतर पडणारच.

या अंतराला तोटा म्हणावें काय? शाळेची फी घेऊन शाळेचा खर्च निघत नाहीं, म्हणून शाळा तोट्यांत आहे असें आपण म्हणत नाहीं. रस्त्यावरचा दिवा कोणाकडून पैसे घेत नाहीं. दवाखान्याच्या चिठ्ठीच्या पैशांत डॉक्टरचा पगार भागत नाहीं. या गोष्टींचा लाभ त्या वापरणाऱ्यालाच केवळ होतो असें नाहीं, तर साऱ्या समाजाला होतो, म्हणून समाज त्यांचा खर्च उचलतो. बसचेंही तसेंच आहे. बसमुळें कारखानदाराला कामगार मिळतो, दुकानदाराला गिऱ्हाईक मिळतें, आणि जो गृहस्थ स्वतःच्या मोटारींतून सायन-पनवेल महामार्गानें जातो त्यालाही रस्ता थोडा मोकळा मिळतो. बसमध्यें बसलेले पन्नास लोक उद्यां पन्नास दुचाक्यांवर निघाले, तर त्या गृहस्थाची काय अवस्था होईल याची कल्पना त्यानेंच करावी. म्हणून तिकिटाबाहेरची उरलेली किंमत सरकारनें द्यावी हें न्याय्यच आहे.

आपलें नवी मुंबई शहर तर याच तत्त्वावर उभें राहिलें आहे. १९७० सालीं शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सिडको, स्थापन झालें, आणि ९५ गांवांच्या जमिनी घेऊन हें शहर वसविण्यांत आलें. आजचें सानपाडा नगर जेथें उभें आहे तेथेंही पूर्वीं आगरी-कोळी समाजाची शेती, मिठागरें व खाडीची मासेमारी होती. मानखुर्दहून खाडीवरील पूल ओलांडून वाशीला लोकलगाडी आली ती ९ मे १९९२ रोजीं. पुढें तोच मार्ग सानपाडा, नेरूळ, बेलापूर असा वाढत जाऊन १९९८ पर्यंत पनवेलला पोहोंचला; आणि २००४ सालीं ठाण्याकडून तुर्भ्यामार्गें येणारा दुसरा मार्ग सुरू झाला. या मार्गांच्या खर्चाचा सुमारें दोनतृतीयांश, म्हणजे ६७ टक्के वांटा सिडकोनें उचलावा व ३३ टक्के रेल्वेनें उचलावा असा ठराव होता. सिडकोकडे हा पैसा मुख्यतः जमिनीच्या विक्रींतून आला. तिकिटांवर अधिभार बसवून प्रवाशांकडूनही त्यांतील कांहीं भाग घेण्यांत आला. याचा अर्थ असा कीं, ज्या रुळांवरून आपण रोज जातों ते रूळ शेतकऱ्यांच्या जमिनीच्या मोलानें आणि प्रवाशांच्या पैशानें पडलेले आहेत. ती कोणाची मेहेरबानी नव्हे. ज्याचा पैसा आहे त्याला हिशेब विचारण्याचा अधिकारही असतो.

आतां बसकडे वळूं. २३ जानेवारी १९९६ रोजीं नवी मुंबई महानगरपालिकेची स्वतःची परिवहन सेवा सुरू झाली. ही सेवा महापालिकेचाच एक उपक्रम असल्यामुळें तिची तूट महापालिकेच्या तिजोरींतून, म्हणजे अखेर या शहरांतील करदात्यांच्या पैशांतून भरली जाते. परंतु माणसाचा प्रवास महापालिकेच्या हद्दीपाशीं थांबत नाहीं. या बसगाड्या पनवेल व उरणकडे जातात, ठाणें, कल्याण-डोंबिवलीकडे जातात, मुंबईंतही जातात. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं पनवेल महानगरपालिका निर्माण झाली. त्यानंतरही वर्षानुवर्षें तेथील रहिवाशांचा प्रवास नवी मुंबईच्याच बसवर चालला. हें योग्यच झालें, कारण कामोठें, कळंबोली व खारघर येथील मुलें आणि सानपाड्याचीं मुलें यांत भेद करण्याचें कारण नाहीं. प्रश्न एवढाच कीं, हद्दीबाहेरील तुटीचा भार कोणीं उचलावा? एका शहरानें चालवावें, दुसऱ्यानें वापरावें आणि राज्यानें पाहात राहावें, अशी स्थिति असली म्हणजे पैशांची ओढ लागतांच पहिली कुऱ्हाड हद्दीबाहेरच्या फेरीवर पडते. माझ्या त्या विद्यार्थिनीसारखीं मुलें बहुधा अशाच फेऱ्यांवर अवलंबून असतात.

राज्याच्या पातळीवर तीच गोष्ट मोठ्या आकारांत दिसते. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर अशी पहिली एस. टी. धांवली. १९५० च्या रस्ते वाहतूक महामंडळ कायद्यानें अशा महामंडळांना दोन आज्ञा एकदमच दिल्या आहेत. कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा ही एक, आणि राज्य सरकारच्या सूचना पाळाव्या ही दुसरी. या दोन आज्ञांचा मेळ घालणें सोपें नाहीं. खेड्यांत गाडी न्यावी ही सरकारची सूचना. तोटा होऊं देऊं नये हा व्यापाराचा नियम. विद्यार्थ्याला तिकिटाचा तिसरा हिस्सा देऊन पास मिळतो. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना विनामूल्य प्रवास मिळाला. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यानें प्रवास करतां येऊं लागला. या सवलती चांगल्या आहेत, त्यांनीं अनेक आजीबाईंना लेकीच्या घरचा रस्ता पुन्हां दाखविला. सवलतीची भरपाई सरकारनें महामंडळाला द्यावयाची असते. परंतु एकीकडून सरकार भरपाई देतें आणि दुसरीकडून त्याच एस. टी. च्या भाड्यांतून साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आलें आहे. उजव्या हातानें द्यावें व डाव्या हातानें घ्यावें, अशा या व्यवहारांत खरें देणें किती व खरें घेणें किती हें सामान्य माणसाला कसें कळावें?

याचा परिणाम आपण पाहिला आहे. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. नव्वद हजारांच्या घरांत असलेल्या कामगारांची मुख्य मागणी अशी होती कीं, आम्हांस सरकारी सेवेंत सामावून घ्यावें; कारण महामंडळाच्या हातून वेतन वेळेवर मिळेल हा विश्वास त्यांना उरला नव्हता. त्या महिन्यांत खेड्यापाड्यांतील किती मुलांची शाळा बुडाली असेल! पुढें जानेवारी २०२५ मध्यें भाडें सुमारें पंधरा टक्क्यांनीं वाढलें, आणि जून २०२५ मध्यें परिवहनमंत्री श्री. प्रताप सरनाईक यांनीं महामंडळाच्या आर्थिक स्थितीची श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. तींत संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या वर गेल्याचें जनतेपुढें आलें. सत्य बाहेर आलें हें चांगलें झालें. परंतु ज्या रोगाचें निदान दरवर्षीं व्हावयास पाहिजे तें रोगी खाटेला खिळल्यावर व्हावें, हें कांहीं भूषणास्पद नाहीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल, “मग सरकारनें वाटेल तेवढा पैसा द्यावा म्हणजे झालें.” तसें नाहीं. पैसा दिला आणि जाब विचारला नाहीं, तर काय होतें याचें उदाहरण आपल्याच रेल्वेच्या जन्मकथेंत आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही पहिली गाडी धांवली, हें तुम्ही इतिहासांत शिकतां. परंतु त्यापूर्वीं, १८४९ सालीं, ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीशीं झालेल्या करारांत एक अट होती ती फारशी शिकविली जात नाहीं. कंपनीच्या भांडवलावर पांच टक्के व्याजाची हमी सरकारनें दिली होती. नफा कमी झाला तर उणीव हिंदुस्थानच्या महसुलांतून, म्हणजे येथील रयतेच्या सारा-पट्टींतून, भरून निघावयाची. पांच टक्के तर ठरलेलेच. मग काटकसर कोणीं आणि कशासाठीं करावी? खर्च भरमसाट वाढले, आणि पुढें या पद्धतीवर हिंदी पुढाऱ्यांनीं व खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांनींही कडक टीका केली. रेल्वे झाली, तिचा देशाला उपयोगही झाला. पण किंमत देणारा एक, खर्च करणारा दुसरा, आणि दोघांमध्यें जाब विचारणारा कोणी नाहीं, या रचनेनें गरीब रयतेवर विनाकारण भार पडला.

याच्या उलट टोंक मुंबईच्या बेस्ट बसमध्यें दिसतें. बेस्टकडे वीज आणि बस हे दोन्ही व्यवसाय असल्यामुळें विजेच्या उत्पन्नांतून बसची तूट बराच काळ भागविली जात असे. तो आधार कमी झाल्यावर अडचण वाढत गेली. जुलै २०१९ मध्यें किमान भाडें उतरवून पांच रुपयांवर आणलें, तेव्हां प्रवाशांनीं आनंद मानला. मे २०२५ मध्यें तेंच भाडें दहा रुपये झालें. भाडें उतरविणें हें एका दिवसाचें काम आहे. तें उतरलेलें ठेवण्यास लागणारा पैसा दरसाल कोठून यावयाचा हें कायमचें ठरलेलें नसेल, तर भार फिरून गरीब प्रवाशाच्याच खिशावर येतो.

तेव्हां पैसा आणि जाब या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिजेत. आज आपल्या भागांत जाब कोणाला विचारावा हेंच कळत नाहीं. लोकल रेल्वेची, स्थानकाच्या इमारतींत सिडकोचा हात, शहरांतील बस महापालिकेची, महामार्गावरची एस. टी. महामंडळाची, मेट्रो पुन्हां सिडकोची. बेलापूर ते पेंधर या ११ किलोमीटरच्या मेट्रोचें काम २०११ सालीं सुरू झालें आणि पहिला प्रवासी तींत बसला १७ नोव्हेंबर २०२३ रोजीं. पहिलींत असलेलें मूल तोंवर बारावी उत्तीर्ण होऊन गेलें! उरणची रेल्वे खारकोपरपर्यंत २०१८ सालीं आली आणि उरणला पोहोंचली १२ जानेवारी २०२४ रोजीं. विलंबाचीं कारणें असतील, नव्हे असतातच. परंतु तीं लोकांपुढें वेळोवेळीं मांडण्याचें कर्तव्य कोणाचें होतें? त्यांतच मे २०२० मध्यें आपल्या महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि पुढें पांच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. प्रशासक कितीही दक्ष असला तरी तो नागरिकांनीं निवडलेला नसतो. बसच्या प्रश्नावर आपल्या प्रभागाच्या वतीनें सभागृहांत उठून विचारणारें माणूस त्या काळांत नव्हतें.

यावर उपाय काय? मला चार गोष्टी सुचतात, आणि त्या अगदीं अपूर्व आहेत असें नाहीं. पहिली गोष्ट ही कीं, साऱ्या प्रदेशाच्या प्रवासाची चिंता वाहणारें एकच मंडळ असावें. लंडन शहरांत १९३३ सालीं बस, ट्राम व भुयारी रेल्वे एका सार्वजनिक मंडळाखालीं आणल्या गेल्या, त्या याच कारणासाठीं. दुसरी गोष्ट, पैशाचा झरा ठरलेला असावा. पॅरिसच्या परिसरांत १९७१ पासून मोठ्या मालकांना आपल्या नोकरांच्या वेतनाच्या प्रमाणांत वाहतुकीसाठीं एक वर्गणी कायद्यानें द्यावी लागते. कारण कामगार वेळेवर येण्यांत मालकाचा लाभ आहे. आपल्याकडेही कारखाने, बाजारपेठा व स्थानकांभोवतीं वाढलेल्या जमिनीच्या किंमती यांतून असा वांटा घेतां येईल. तिसरी गोष्ट, सरकारनें अनुदान ‘तोटा भरण्यासाठीं’ देऊं नये, तें ‘सेवा विकत घेण्यासाठीं’ द्यावें. अमुक गांवाला सकाळीं सहा ते आठ या वेळांत इतक्या फेऱ्या, त्यांतील इतक्या वेळेवर, असा करार आधीं लिहून काढावा, आणि फेरी झाली तरच तिचे पैसे द्यावे. मग प्रवासी कमी म्हणून फेरी बंद करण्याचा मोह राहणार नाहीं, आणि फेरी न करतां पैसे घेण्याचीही सोय राहणार नाहीं. चौथी गोष्ट सर्वांत सोपी व सर्वांत स्वस्त आहे. प्रत्येक मार्गाचा खर्च, उत्पन्न, सवलतीची भरपाई, घेतलेला कर आणि रद्द झालेल्या फेऱ्या यांचा तक्ता दर महिन्यास आगाराच्या भिंतीवर मराठींत लावावा. विधिमंडळापुढें लेखापरीक्षित हिशेब जातात हें खरें. परंतु बसथांब्यावर उभ्या असलेल्या बापाला विधिमंडळाचें दप्तर कोठें चाळतां येतें?

यावर दोन आक्षेप येतील. एक असा कीं, जो बसमध्यें बसत नाहीं त्यानें तिच्यासाठीं कां पैसे द्यावे? याचें उत्तर वर दिलेंच आहे: लाभ सर्वांचा, म्हणून भारही सर्वांचा. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. हिशेब उघडा केला, तर तोट्याचे आंकडे पाहून लोकच गरीब गांवांच्या फेऱ्या बंद करा असें म्हणतील, ही भीति कांहीं जाणत्या माणसांनाही वाटते. ती अगदींच निराधार नाहीं. परंतु मला वाटतें, अंधारांत फेरी बंद होण्यापेक्षां उजेडांत वाद होणें बरें. ज्या गांवाला आपल्या फेरीची किंमत ठाऊक असते तें गांव तिच्यासाठीं भांडूं शकतें. ज्याला कांहींच ठाऊक नसतें त्याच्या हातीं केवळ वाट पाहणें उरतें.

शेवटीं आपल्या स्वतःविषयीं दोन शब्द. जाब विचारणाऱ्याचे हात स्वच्छ असले पाहिजेत. विनातिकीट प्रवास करणारा विद्यार्थी सरकारला फसवीत नाहीं, तो आपल्या शेजारी उभ्या असलेल्या मजुराला फसवितो. बसची आसनें फाडणारा, चालकाशीं उर्मटपणें बोलणारा, आणि संधि मिळतांच दगड उचलणारा मनुष्य सार्वजनिक वस्तूला परकी समजतो. पालकांनींही एवढें करावें कीं, मत मागावयास येणाऱ्या उमेदवाराला रस्त्याचा व नळाचा प्रश्न विचारतां, तसाच बसच्या फेरीचाही प्रश्न विचारावा.

विद्यार्थिमित्रांनो, सुट्टींत एक काम करा. आपल्या थांब्यावर एक आठवडा रोज सकाळीं तासभर उभें राहून वही घेऊन टिपण करा: वेळापत्रकाप्रमाणें किती गाड्या यावयाच्या होत्या, किती आल्या, किती उशिरानें आल्या, त्यांत किती माणसें होतीं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकांतील एक धडा त्यानें कायमचा समजेल. तीं टिपणें एकत्र करून शाळेच्या वतीनें संबंधित कचेरीस सविनय पत्र पाठवितां येईल. त्या मुलीच्या वडिलांच्या हातीं असा एक कागद असता, तर कचेरींतील गृहस्थांना ‘तोट्यांत होती’ एवढेंच सांगून त्यांना परत पाठवितां आलें नसतें.